अकरा बुधवारांची रेघ

माझ्या मामाला सगळे काटेमामा म्हणतात, कारण तो दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करतो. चाळीस वर्षं झाली, तेच दुकान, तेच टेबल आणि तीच खुर्ची, जिचा एक पाय आखूड आहे. अख्ख्या गावाचे काटे सरळ करणारा माणूस स्वतः डुगडुगत बसतो, हे मी त्याला शंभरदा सांगितलं. तो म्हणतो, "गिऱ्हाइकं काय माझ्या खुर्चीवर माल मोजतात?" आता यावर कपाळाला हात लावण्यापलीकडे माणूस काय करणार?

दुकानाच्या एका भिंतीला काटे टांगलेले आहेत, बाकीच्या तीन भिंतींवर विमानं. म्हणजे एका बंद पडलेल्या विमान कंपनीची वेळापत्रकं, तिकिटांची पाकिटं, सामानाला बांधायच्या चिठ्ठ्या. उलटी आली तर धरायची कागदी पिशवीसुद्धा त्याने काचेच्या चौकटीत बसवली आहे. "न वापरलेली आहे हं," असं तो प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

त्या कंपनीच्या विमानांची शेपटी निळी होती. तिची वैरीण असलेल्या दुसऱ्या कंपनीची शेपटी लाल. दोन्ही आमच्याच विमानतळावरून उडायच्या, आणि दोन्ही बुडून पस्तीस वर्षं झाली. भांडण मात्र अजून ठणठणीत आहे. दर रविवारी सकाळी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत बारा-तेरा माणसं जमतात आणि कोणाचं विमान कुठे जायचं, किती वाजता सुटायचं, कोण कोणाचे प्रवासी पळवायचं यावरून घर डोक्यावर घेतात. मामी या मंडळाला 'रिकामटेकड्यांचं विमानतळ' म्हणते. ती शिवणकामाचे वर्ग चालवते, आणि आयुष्यात एकदाही त्या खोलीचा जिना चढली नव्हती.

लाल बाजूचे म्होरके म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांचे वडील लाल कंपनीत इंजिनं उघडायचे, त्यामुळे लाल कंपनीबद्दल वाकडा शब्द काढला की डॉक्टरांचं डोकं फिरतं. त्यांच्या खुर्चीत माणूस आ वासून पडला की ते शांतपणे लाल कंपनीचं गुणगान सुरू करतात, आणि तोंडात दोन हत्यारं असताना विरोध तरी कसा करणार? मामा म्हणूनच त्यांच्याकडे जात नाही. त्याची एक दाढ वर्षभर ठणकतेय, तो एकाच बाजूने चावतो, पण शत्रूच्या खुर्चीत बसायचं नाव नाही. पडलो तरी नाक वर, दुसरं काय!

तर झालं असं, की विमानतळावर नवं प्रतीक्षागृह बांधलं. तिथल्या मोठ्या भिंतीवर जुन्या सगळ्या हवाई मार्गांचा नकाशा काढायचा ठरला. मार्ग कुठले ते मंडळाने सांगायचं, रंगवायचं मी. मी दुकानांच्या पाट्या रंगवते, त्यामुळे मामाने माझं नाव सुचवलं आणि डॉक्टरांनीही चक्क होकार दिला. या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण ते तेवढ्यापुरतंच. मामाच्या यादीत निळ्या कंपनीचा एक मार्ग होता, इथून तळ्याच्या गावाला, दर बुधवारी. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हे विमान उडालंच नाही."

"वेळापत्रकात छापलंय," मामा म्हणाला.

"छापलेलं वेळापत्रक म्हणजे उडालेलं विमान नव्हे. हे वाक्य कोणाचं, काटेमामा?"

खोलीत हशा पिकला, कारण वाक्य मामाचंच होतं. आठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी लाल कंपनीचं बेटावर जाणारं एक विमान यादीत घातलं होतं. तेव्हा मामाने छाती पुढे काढून नियम करवून घेतला होता, की वेळापत्रकाशिवाय दुसरा एक कागद असल्याखेरीज मार्ग खरा मानायचा नाही. तोंडी साक्ष चालणार नाही. डॉक्टरांचं बेट त्या नियमात बुडालं. आठ वर्षं डॉक्टर त्याची परतफेड करायची वाट बघत होते, आणि मामाने आपल्याच पायावर धोंडा पाडून ठेवला होता.

"पुढच्या रविवारपर्यंत दुसरा कागद आणा," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर रेघ नाही."

एका रेघेचं काय एवढं, असं कोणालाही वाटेल. पण मामाची विमान कंपनीतली नोकरी म्हणजे तेवढीच रेघ होती. तळ्याच्या गावची धावपट्टी आखूड, म्हणून तिकडे आठ माणसांचं छोटं विमान जायचं, आणि इतक्या छोट्या विमानात सामानाबरोबर माणसांचंही वजन करावं लागायचं. त्या कामासाठी कंपनीने मामाला घेतलं. तेवीस वर्षांचा होता. 'बुधवारपासून ये' एवढंच सांगितलं, नेमणुकीचं पत्र नाही की काही नाही. अकरा बुधवार त्याने प्रवाशांना काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला, वैमानिकाला दिला. मग तळं धावपट्टीवर चढलं, विमान बंद झालं, नोकरी गेली. काट्यांचं काम तेवढं हातात राहिलं. ते विमान उडालंच नसेल, तर मामा चाळीस वर्षं आम्हा सगळ्यांना थापा मारत आला असं झालं.

आणि आम्ही त्याच्या गोष्टी ऐकतच वाढलो ना! कोण काट्यावर चढताना श्वास रोखून धरायचं, कोण बूट काढायचं. एक जाडे गृहस्थ म्हणे दर वेळी विचारायचे, "काटा बरोबर आहे ना?" आकडा मात्र तो कधीच सांगायचा नाही. आम्ही पोरं मागे लागलो की म्हणायचा, "प्रवाशाचं वजन फक्त वैमानिकाला सांगायचं असतं." हे तो इतक्या गंभीरपणे म्हणायचा की आम्ही हसून लोळायचो.

तो आठवडा मामाने दुकान अर्धवट उघडं ठेवून काढला. कंपनीची कागदपत्रं तर रद्दीत गेलेली. वैमानिक वारलेला. एखादा कागदाचा कपटा तरी मिळेल म्हणून तळ्याच्या गावी त्याने सात जणांना फोन केले, एका म्हाताऱ्याला विमान आठवलं, पण तो म्हणाला त्याची शेपटी लाल होती. मामाने फोन ठेवला आणि गाल धरून बसला. दाढ दुखत होती की मन, देव जाणे.

शनिवारी दुपारी मी नकाशाचा कच्चा आराखडा घेऊन दुकानात गेले. तो एका काट्याचं ताट पुसत होता. वर न बघताच म्हणाला, "ती रेघ नको काढू."

"म्हणजे? एवढ्यात हरलास?"

"नियम मीच केलाय. जाऊ दे ना. एवढं काय त्यात."

मामा आणि 'जाऊ दे'! पस्तीस वर्षांपूर्वीच्या विमानाच्या दहा मिनिटांच्या उशिरावरून जो माणूस तीन महिने अबोला धरतो, तो जाऊ दे म्हणतोय! मला एवढं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी तशीच तरातरा मामीच्या वर्गात गेले.

मामी म्हणजे सरळपणाचा पुतळा. दुकानदाराने चुकून एक बटण जास्त दिलं तर ती उन्हातून परत देऊन येते. लहानपणी मी तिच्या डब्यातलं एक रंगीत रीळ न विचारता घेतलं, तर मला अख्ख्या वर्गासमोर माफी मागायला लावली होती. ते मी अजून विसरलेली नाही. त्या दोघांची ओळख कशी झाली असं विचारलं की ती म्हणायची, "कामाच्या निमित्ताने," आणि लगेच विषय बदलायची.

"मामाने रेघ सोडली," मी दारातूनच म्हणाले. "उद्या सगळ्यांसमोर तो खोटारडा ठरणार आहे, आणि तू इथे काज करत बस!"

मामीची सुई थांबली. तिने ती काजाशेजारी टोचून ठेवली. मग म्हणाली, "तुमचं ते विमानतळ किती वाजता भरतं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बोलायला उभे राहिले तोच जिन्यावर पावलं वाजली आणि मामी दारात आली. तिला बघून मामा असा ताडकन उठला की खुर्ची मागे पडली.

"अगं, तू कशाला आलीस? नको. अजिबात नको!"

"तुम्ही बसा हो," मामी म्हणाली, आणि पिशवीतून शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानांची डबी काढून तिने डॉक्टरांपुढे ठेवली. डबीत घडी घातलेली एक पिवळट चिठ्ठी होती. "तुम्हाला दुसरा कागद हवाय ना? घ्या. त्या विमानात मी बसले होते. सातव्या बुधवारी."

मी मामीकडे बघतच राहिले. मामी विमानात बसली होती? आणि चाळीस वर्षांत त्याबद्दल चकार शब्द नाही?

डॉक्टरांनी चिठ्ठी उलगडली. निळ्या कंपनीची वजनाची चिठ्ठी होती, तारीख, शिक्का, खाली वैमानिकाची सही. त्यांनी ती उजेडात धरली, उलटीसुलटी केली. "शिक्का ठीक दिसतोय," ते म्हणाले, "पण अक्षर काटेमामांचंच आहे. ज्याचा दावा त्याच्याच हातचा पुरावा? उद्या मीही घरी बसून चिठ्ठ्या लिहीन."

"शेरा वाचा," मामी म्हणाली.

"नको वाचू!" मामा ओरडला. डॉक्टरांना 'अरे-तुरे' केल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "वजन... सत्तावन्न किलो. शेरा: कोटात इस्त्री एक, मोठ्या कात्र्या दोन."

सगळ्यांच्या नजरा मामीकडे वळल्या. मामी तेव्हाही काडीसारखी होती, हे जुने फोटो पाहिलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

"तळ्याच्या गावी शिवणाची शिक्षिका म्हणून चालले होते," मामी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज सरळ होता. "सामान जास्त भरत होतं, त्याचे पैसे वाचवायचे म्हणून जड वस्तू कोटात लपवल्या. माणसालाही काट्यावर चढवतात हे मला काय माहीत! काटा सत्तावन्नवर गेला. यांनी विचारलं, कोटात काय आहे? मी म्हटलं, मी आहे. हे म्हणाले, तुम्ही आणि काय? तेव्हा काढून दाखवलं. यांनी आकडा खरा लिहिला, शेराही लिहिला, कारण वैमानिकाला खरं कळलं पाहिजे. पैसे मात्र मागितले नाहीत. वैमानिकाने सही करून चिठ्ठी उतरताना माझ्याच हाती दिली. लग्नाच्या वेळी मी यांच्याकडून वचन घेतलं, हे कोणाला सांगायचं नाही. मी मुलींना सचोटी शिकवणारी बाई." तिने डबीवर बोट ठेवलं. "चिठ्ठी माझ्याकडे आहे हे यांना पहिल्यापासून माहीत होतं. गेल्या रविवारीच हे जिंकू शकले असते."

मामाने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. आठवडाभर तो लोकांना फोन करत बसला, आणि पुरावा घरातच, शिवणयंत्राच्या खणात होता. एकदाही त्याने मागितला नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी नकाशा तोंडासमोर धरला.

डॉक्टर चिठ्ठीकडे बघत होते. मग त्यांनी ती नीट घडी घालून डबीत ठेवली. "खोटा पुरावा बनवणारा माणूस त्यात स्वतःच्या बायकोची इस्त्री घालत नाही," ते म्हणाले. "विमान उडालं. काढा रेघ."

एकच गलका झाला. निळ्यांनी टेबलं बडवली, लाल बाजूच्यांनीही बडवली. डॉक्टर मामाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आता माझ्या बेटाचंही बघा की."

"दुसरा कागद आणा," मामा म्हणाला.

"तुम्ही कधी सुधारणार नाही. उद्या दहाला या, ती दाढ बघतो. गाल केवढा सुजलाय!"

मामा गेला. लाल कंपनीबद्दल पाऊण तास ऐकून आला आणि वर म्हणाला, हात हलका आहे हो बाबाचा.

मंगळवारी मी विमानतळावर शिडी लावली आणि तळ्याच्या गावाला निळी रेघ काढली. सगळ्या नकाशात ती सर्वांत आखूड आहे, वीतभरसुद्धा नाही. मामा आणि मामी बघायला आले होते. मामा रेघेसमोर हात मागे बांधून इतका वेळ उभा राहिला की एका प्रवाशाने त्याला विमान किती वाजता आहे असं विचारलं. "बुधवारी," मामा म्हणाला. तो बिचारा तिकीट बघत बसला.

निघताना माझ्या शिडीपासून चार पावलांवर सामान तोलायचा काटा वाटेत लागला. मी सोडले तर आसपास कोणी नव्हतं. मामी इकडेतिकडे बघून पटकन त्यावर चढली, पिशवी हातात, चप्पल पायात. "बघा बरं," ती मामाला म्हणाली, "आज कोटात काही नाही."

मामा वाकला, आकडा बघितला आणि सरळ झाला.

"किती रे?" मी शिडीवरून विचारलं.

"तू रेघ रंगव," मामा म्हणाला. "प्रवाशाचं वजन फक्त वैमानिकाला सांगायचं असतं."