तुळयांचा धूर

"भितले भोक पाडाले तू काय उंदीर शे का वं?"

नवी सून म्हणून सासरी आले, त्याच आठवड्यात पलीकडच्या घरातून हे ऐकलं. आमची आणि तानुबाईची भिंत एकच. मातीची भिंत, त्यामुळे निम्मं बोलणं तिकडे राहायचं आणि निम्मं आमच्याकडे यायचं. बोलत होती तानुबाईची सासू. तानुबाईनं धूर जावा म्हणून चुलीमागं पहारीनं वीतभर भोक पाडलं होतं.

"मंग धूर कोठे जाई, आत्याबाई?"

"मनी बठ्ठी उमर धूरमा गयी. माले काय व्हयनं?"

"काय व्हयनं? काल चहामा मीठ कोनी टाकं?"

"मीठ बी धवळं, साखर बी धवळी. त्यामा मना डोयाना काय गुन्हा?"

मी इकडे भाकरी थापता थापता फिस्सकन हसले. माझ्या सासूनं माझ्याकडे लाल डोळ्यांनी बघितलं. ते रागानं लाल होते की धुरानं, ते तेव्हाही कळलं नाही. संध्याकाळी तानुबाईच्या सासऱ्यानं ते भोक शेणमातीनं बुजवलं आणि भांडण तिथंच मिटलं. म्हणजे तानुबाई हरली.

ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायचे. अंगानं काडी, पण हात लोखंडाचे. माती तिच्या हातात ऐकायची. गल्लीत कुणाचा ओटा खचला, कणगी फुटली, की पहिली हाक तिला. पुढं सासू-सासरे गेले, नवराही लवकर गेला. एकुलता अभिमन तिनं वाढवला आणि त्याला एरंडोलकडची बायको करून आणली. तिचं नाव भिकुबाई. गोरीगोमटी, हसरी पोर. पण तिसऱ्या वर्षी तिला धाप लागायला लागली. रात्री आडवी होता येईना, भिंतीला टेकून बसायची. तिचा श्वास मला इकडून ऐकू यायचा, जसा फाटका भाता.

धुळ्याला मोठ्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं विचारलं, स्वयंपाक कशावर करता? तुराट्या, कपाशीच्या काड्या, गोवऱ्या, दुसरं काय? डॉक्टर म्हणाला, "आजी, तुमच्या घरात एक तर धूर राहील, नाही तर सून राहील."

तानुबाई घरी आली आणि चुलीसमोर बसून राहिली. मी विचारलं, "अक्का, काय म्हणाला डॉक्टर?" ती म्हणाली, "चुल्हाले दवाई लिखी दिन्ही त्यानी. पण ती दुकानमा भेटत नही."

आणि बघा, ती दवाई दिल्लीहून आली. सत्त्याऐंशी साल असेल. दिल्लीत मोठ्या लोकांनी बसून ठरवलं की देशातल्या घराघरांतला धूर काढायचा. बायांचे डोळे आणि छाती वाचेल, सरपण कमी लागेल, आणि सातपुड्यातलं झाडही उभं राहील. तालुक्याच्या ऑफिसातून एक मॅडम आल्या. त्यांनी पारावर उभं राहून हे सगळं समजावून सांगितलं. दिल्लीला आमच्या चुलीची काळजी पडली, हेच मला खरं वाटेना. निवडणूक तर जवळ नव्हती!

चूल बांधायला शिकायला शिंदखेड्याला बाया पाहिजे होत्या. पुरुष म्हणाले, बाई तिकडे गेली तर घरी चूल कोण पेटवील? तानुबाईनं पिशवीत दोन लुगडी टाकली आणि गेली. आठवड्यानं आली ती पत्र्याचा साचा काखेत घेऊन. पहिली चूल भिकुबाईसाठी बांधली. दोन तोंडांची, मागं सिमेंटचा पाइप, तो थेट धाब्याच्या छपराबाहेर. पेटवली तेव्हा आम्ही सगळ्या बाया रांगेनं बसून वर बघत होतो. धूर पाइपातून गेला. घरात नुसता उजेड. भिकुबाई भाकरी टाकत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी आमच्याच डोळ्यांत.

दोन महिन्यांत ती पोर आडवी झोपायला लागली. मला भिंतीतून श्वास ऐकू येईना, तर मीच दचकून उठायचे.

मग तानुबाई थांबलीच नाही. सगळ्या गावाच्या चुली तिनं बांधल्या. आणि दिवाळीला तिनं एक गोष्ट केली. आमची घरं धाब्याची. बाभळीच्या तुळया, त्यावर काड्या आणि वर पांढरी माती. आज्या-पणज्यांपासूनच्या धुरानं तुळया काळ्याकुट्ट, हात लावला तर काजळी बोटाला चिकटायची. तानुबाई शिडीवर चढली, विटेच्या तुकड्यानं सगळी काजळी खरवडली, सोड्याच्या पाण्यानं लाकूड धुतलं आणि वरून चुना मारला. "आते काळं काबर ठेवानं?" असं म्हणाली. घर असं पांढरं झालं की आत गेलं की कुणी पाहुणं यायचं आहे असं वाटायचं. तिचं बघून सगळ्यांनी खरवडलं. सासूबाईंच्या काळातलं काळं धुऊन टाकलं, म्हणून आम्ही बाया खूश.

चार पावसाळे गेले.

पोळा होऊन गेला होता. पाऊस उघडला होता, ऊन पडलं होतं, वाऱ्याचं नाव नाही. आमच्या गल्लीतले रूपचंद आबा ओट्यावर चहा पीत बसले होते. त्यांची बायको लताबाई दूध चुलीवर ठेवून परसात गोवऱ्या आणायला गेली. तेवढ्यात त्यांचं घर बसलं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. विजेचा कडकडाट नाही, काही नाही. नुसतं 'धप्प' झालं, जसं कुणी मोठं गाठोडं खाली टाकावं. मागचा सगळा खण खाली आला. आबांच्या हातातली बशी हातातच राहिली आणि चहा धुळीनं पांढरा झाला. लताबाई परसातून ओरडत आली. मातीच्या ढिगातून फक्त सिमेंटचा पाइप वर आला होता, आणि त्यातून अजून थोडा धूर निघत होता.

माणसं माती उपसायला धावली. कुणी दबलेलं नव्हतं. दुधाचं पातेलं चपटं झालं होतं. लताबाई त्या पातेल्याकडे बघत बसली. एवढ्या वेळात आपणच तिथं बसलो असतो, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मधली तुळई मोडून पडली होती. वरून चुना पांढराशुभ्र. तानुबाईनं खाली बसून तिला बोट लावलं. बोट आत गेलं. पेरापर्यंत गेलं, मुळापर्यंत गेलं. आत लाकूड नव्हतंच, रव्यासारखा भुगा आणि वळवळणारी वाळवी. वरची साल तेवढी चुन्यानं धरून ठेवली होती.

पण खरा धक्का पुढं होता. ती तुळई घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच. मागचं टोक स्वयंपाकावर, पुढचं गोठ्यावर. गोठ्यात आबा रोज तिन्हीसांजेला डासांसाठी शेणाची धुनी करायचे. तिथली तुळई काळीच्या काळी होती, खरवडायची राहून गेलेली. आबांनी तिच्यावर कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे मागची बोथट बाजू, मारला. ठण्ण वाजली. एकच झाड, एकच लाकूड. धुरातलं अर्धं शाबूत आणि चुन्यातलं अर्धं भुगा.

सगळ्यांनी एकदम तानुबाईकडे बघितलं. मीही बघितलं. ती उठली, आपलं ते बोट पदराला पुसत राहिली. स्वच्छ झालं तरी पुसतच राहिली.

त्या दिवशी ती घरोघर गेली, मुसळ घेऊन. प्रत्येक तुळई खालून ठोकायची आणि कान द्यायची. काही ठण्ण वाजायच्या, काही भद्द. भद्द वाजली की त्या घरची बाई कपाळाला हात लावायची. शेवटी तिनं आपलं घर ठोकलं. भिकुबाईच्या अंथरुणावरची तुळई भद्द वाजली.

दुसऱ्या दिवसापासून गडीमाणसांनी धूर घरात परत यावा म्हणून पाइप फोडायला सुरुवात केली. सगळ्या गल्लीत कुदळीचे आवाज. अभिमनही कुदळ घेऊन आला. भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"माय, सरक. घर वाचाडू का चुल्हा?"

"आनि तुनी बायको कोठे जाई?"

भिकुबाई मधे बोलली. तिचा आवाज बारीक होता. "मन्हाकरता घर पाडू नका. फोडी टाका चुल्हा. मी भाईर बसत जासू."

"पानीपाऊसमा भाईर बसशी? थंडीमा?" तानुबाई म्हणाली. "तो डॉक्टर काय म्हने, याद शे ना?"

मी कान लावून उभी होते. मला वाटलं, आता कुदळ पडेल आणि आजपासून त्या पोरीचा श्वास पुन्हा माझ्या भिंतीत येईल.

तानुबाई म्हणाली, "आठ दिन थांब, भाऊ. फक्त आठ दिन."

पोटच्या पोराला ती 'भाऊ' म्हणाली, म्हणून तो थांबला असेल.

तीन दिवस ती आबांच्या गोठ्यात जाऊन बसायची आणि काळ्या तुळईकडे बघायची. चौथ्या दिवशी दुपारी मी परसात होते तर तानुबाईच्या दारातून, खिडकीतून, धाब्याच्या फटीतून धुराचे लोट! मी किंचाळले. गल्ली धावली. रूपचंद आबा बैलांच्या पाण्याची बादली घेऊन आले आणि दार उघडून त्यांनी ती आत फेकली. आतून तानुबाई बाहेर आली, तोंडाला ओलं फडकं, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली.

"घर पेटनं का वं, तानुबाई?"

"घर काबर पेटी, आबा? तुळईले धुरी दी ऱ्हायनू. तुम्ही तर मालेच इझाडी टाकं!"

घमेल्यात निखारे, त्यावर वाळक्या गोवऱ्या आणि वरून कडुलिंबाचा ओला पाला. पाइपाच्या तोंडात चिंध्या कोंबलेल्या, दार लावलेलं. भिकुबाई माझ्या ओट्यावर बसून आपल्या लहान पोराला खेळवत होती. घर धुरानं भरलं होतं आणि आत माणूस नव्हतं. पोकळ झालेली तुळई तिनं अभिमनकडून आधीच बदलून घेतली होती.

"धूर लाकडाले पाहिजे, मानूसले नको," ती म्हणाली. "दोन्हीस्ले एक जागे बसाडाले कोनी सांगेल शे?"

ही एवढी गोष्ट. पण आमच्या सात पिढ्यांना सुचली नव्हती आणि दिल्लीलाही सुचली नव्हती.

निम्म्या गावानं पाइप आधीच फोडले होते, त्यातल्या काही घरांत धूर परत आला तो आलाच. पण आमची गल्ली तानुबाईच्या मागं राहिली. दर अमावास्येच्या पुढच्या दिवशी ती घमेलं घेऊन निघायची. माणसं बाहेर, दारं बंद, ती आत. पाल्याला जाळ धरला तर घरच पेटेल, म्हणून आत बसून पाला वरखाली करावा लागायचा. ते काम तिनं कुणाला करू दिलं नाही. एकदा त्याच मॅडम आल्या. एकामागून एक दहा घरांतून धूर निघतो आहे आणि माणसं ओट्यांवर गप्पा मारत बसली आहेत, हे बघून त्या जीपमधून उतरेचनात. "अहो तानुबाई, आम्ही धूर काढायला आलो होतो ना?" तानुबाईनं सगळं सांगितलं. मॅडम डोळे पुसत ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आईचं घर पाचोऱ्याला आहे, धाब्याचंच. तिथं याल का एकदा?"

आम्ही हसलो. कुणाच्या लक्षात आलं नाही की दहा बायांच्या छातीतला धूर एकीच बाईच्या छातीत जमत चालला आहे.

खोकला लागला तेव्हा ती म्हणायची, हवा बदलली. अभिमननं धुळ्याला नेलं. डॉक्टरनं फोटो काढला, उजेडात धरला आणि विचारलं, "आजी, धुराच्या चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात?" ती म्हणाली, "मन्हा घरमा धूरना चुल्हाच नही, डॉक्टरसाहेब. बठ्ठा गावले इचारा." डॉक्टरचा विश्वास बसला नाही. परत आल्यावर भिकुबाईनं घमेलं लपवून ठेवलं. मला भिंतीतून सुनेचं रडणं ऐकू आलं आणि तानुबाईचं हसणं. "दे वं माय. तू आडवी झोपस, हाई माले बठ्ठं भेटनं."

घमेलं तिनं शोधून काढलंच.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतरच्या अमावास्येचा पुढचा दिवस होता. ती तिची शेवटची फेरी, त्यानंतर घमेलं घेऊन ती कुठं गेली नाही. त्या सकाळी मी कणीक मळत होते. ती दारात आली, घमेल्यात निखारे, काखेत पाल्याची जुडी, तोंडाला ओलं फडकं. म्हणाली, "ऊठ वं. आनि ते पीठ झाकीसन भाईर लय, नही ते धूरन्या पोया खाशी." मी कणकेची परात घेऊन ओट्यावर आले. तिनं दार लावून घेतलं. आतून तिचा खोकला आणि पाल्याची सळसळ ऐकू येत होती. मी परात मांडीवर घेऊन बसले होते. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, डोळे पुसले, घमेल्यातली राख उकिरड्यावर झटकली आणि नव्या गोवऱ्या लावल्या. मग लताबाईच्या दारापुढं जाऊन तिनं हाक दिली, "निंघा वं भाईर, बठ्ठ्या निंघा!"