दुधाचा पिट्टू

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात माझी मुलगी चार महिन्यांची होती आणि माझी बी.एड.ची लेखी परीक्षा राहिली होती. वर्गातले पाठ बाळंतपणाआधीच घेऊन झाले होते. उरले होते सहा पेपर, एक दिवसाआड, आणि केंद्र आलं होतं सांगलीला, विश्रामबागेत. आम्ही राहायला कराडजवळ मलकापुरात. एसटीने जायला अडीच तास, यायला अडीच, मध्ये पेपर. सकाळी साडेसहाला घर सोडलं की लेक दिसणार थेट संध्याकाळी साडेपाचला.

मुलीचे वडील लष्करात, तेव्हा आसामात होते. घरात मी, सासू आणि सासरे. सासूबाईंना मी आत्या म्हणायची, सासऱ्यांना मामा. मामाही सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आता दोन एकर ऊस बघायचे. कमी बोलायचे, सुनेशी तर फारच कमी.

कराडच्या डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं की मधल्या वेळात दूध काढलं नाही तर गाठी येतील, ताप येईल आणि हळूहळू दूध आटेल. त्यांनीच औषधाच्या दुकानातून पंप आणायला लावला. काचेची नळी, तिला खाली पोटासारखा फुगवटा, आणि मागे लाल रबरी फुगा. फुगा दाबून सोडला की काचेत दूध ओढलं जायचं. आत्यांना ते बघवत नव्हतं. काढलेलं दूध पायदळी गेलं, त्याला मुंग्या लागल्या, तर आईचं दूध जातं, असं त्या म्हणत. म्हणून ते टाकायचं नाही, घरी आणायचं, असं ठरलं. बर्फात ठेवलं तर टिकतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्याच.

पहिल्या पेपराच्या आदल्या दिवशी मी पिशवी भरायला घेतली. पंप, उकळून घेतलेल्या, फिरकीच्या झाकणाच्या दोन स्टीलच्या डब्या, बर्फासाठी रुंद तोंडाचा थर्मास, गरम पाण्याची बाटली, छातीशी ठेवायला जुन्या धोतराच्या मऊ घड्या, एक जादा ब्लाउज, पंचा, आणि मुलीचं न धुतलेलं झबलं. झबल्याचा वास घेतला की पान्हा लवकर फुटतो, हेही डॉक्टरबाईंनीच सांगितलेलं. शिवाय हॉलतिकीट, दोन पेनं, वह्या, दशमीचा डबा. भरलं, काढलं, परत भरलं. काच डब्यांवर आपटेल म्हणून पंप पंच्यात गुंडाळला, मग पंचा हाताशी हवा म्हणून सोडवला. तिसऱ्यांदा सगळं पलंगावर मांडून बसले, तेव्हा मामा दारात येऊन उभे राहिले. परत गेले आणि त्यांचा लष्करातला पिट्टू घेऊन आले. पाठीवर लावायची ती खाकी पिशवी, बाहेरून दोन खिसे, पितळी बकलं.

त्यांनी एकेक वस्तू उचलून जागेवर लावली. थर्मास मध्ये, डब्या त्याच्या दोन बाजूंना, कपडे भोवतीने. डाव्या खिशात हॉलतिकीट, उजव्या खिशात पंचा. पंपाला मात्र त्यांनी हात लावला नाही. नजर दुसरीकडे ठेवून म्हणाले, “त्ये तुजं काचंचं हितं मदी ठेव. हालायचं न्हाई.”

खाकी पिट्टू घेऊन परीक्षेला जायची मला लाज वाटत होती, पण सामान खरंच हाललं नाही. पहिले दोन पेपर पार पडले. केंद्रावर शिपाई म्हणून एक वयस्क मावशी होत्या. पेपराआधी आणि पेपरानंतर त्या मला प्रयोगशाळेच्या मागची, जुने नकाशे ठेवायची खोली उघडून द्यायच्या आणि बाहेर स्टुलावर बसून राहायच्या. समोरच्या रसवंतीतून बर्फही त्याच आणून द्यायच्या. संध्याकाळी मामा डबी घेऊन शेजारच्या दुकानदाराच्या फ्रिजमध्ये ठेवायला जात. त्याने विचारलं तर औषध आहे, एवढंच सांगत.

तिसऱ्या पेपरच्या सकाळी मुलगी सारखी रडत होती. अंग किंचित गरम लागत होतं. आत्या म्हणाल्या, उन्हाचं असेल, तू नीघ. मामांनी मला सायकलवर फाट्यापर्यंत सोडलं आणि ते रानात गेले. गाडीला वेळ होता. चहाच्या टपरीपुढच्या बाकावर बसले आणि माझा हात पिट्टूच्या बकलाकडे गेला. डबी घट्ट लागली आहे ना, झबलं घेतलं ना, हॉलतिकीट आहे ना. एकेक वस्तू काढून बाकावर ठेवली. तेवढ्यात सांगली गाडी आली आणि मी हाताला येईल ते आत कोंबून धावले.

फुगा राहिला, हे मला विश्रामबागेत नकाशांच्या खोलीत कळलं. पिट्टू तीनदा उलटा केला. काचेची नळी हातात होती आणि तिचा काही उपयोग नव्हता. हाताने काढून पाहिलं, पण घाईत आणि भीतीत थेंबभर आलं. छाती दगडासारखी झाली होती. अकराची घंटा झाली, तशीच जाऊन बसले.

पहिला तास कसाबसा लिहिला. मग कुणा परीक्षार्थीचं मूल बाहेर व्हरांड्यात रडायला लागलं. माझ्यासारखीच कुणी आली असावी, तिने मूल आजीबरोबर आणलं असावं. ते रडणं कानावर पडलं आणि माझा ब्लाउज भिजला. पदर पुढे ओढला, पेन धरलेला हात छातीशी दाबला. ज्या प्रश्नाचं उत्तर पाठ होतं त्याची दोन वाक्यं लिहून पुढे सुचेना. आपली रडत असेल, ताप वाढला असेल, एवढंच डोक्यात.

साडेबारा झाले असतील. मावशी दारात आल्या, पर्यवेक्षकांना हळूच काही म्हणाल्या. पर्यवेक्षक माझ्या बाकाशी येऊन म्हणाले की तुमच्या घरून माणूस आलंय, गेटवर थांबलंय, पेपर संपल्यावर भेटा.

घरून माणूस. मलकापूरहून इथवर. मी उभी राहिले. ते म्हणाले, आत्ता बाहेर गेलात तर परत बसता येणार नाही. मी उत्तरपत्रिका त्यांच्या हातात दिली आणि निघाले. जिना कसा उतरले आठवत नाही. पाठीमागून मावशी हाका मारत होत्या, त्या ऐकूच आल्या नाहीत.

गेटच्या गजांपलीकडे मामा उभे होते. लेंगा, सदरा, टोपी, सगळं पिवळंधमक. फाट्यावरून परत रानात गेलेल्या मामांना टपरीवाल्याने बोलावून फुगा दिला होता. घरी मुलीला बघून ते फाट्यावर आले, पण पुढची एसटी उशिरा होती, म्हणून सांगलीच्या मार्केट यार्डाला चाललेल्या हळदीच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून ते आले होते. त्यांनी गजांमधून हात पुढे केला. हातरुमालाची गाठ होती.

मी विचारलं, “मुलगी?”

“निजलीया. ताप न्हाई आता.”

जीव भांड्यात पडायला हवा होता, पण मला रागच आला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मामांना मी कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी गजांना धरून बोलले. “पेपर अर्धवट देऊन आले मी, मामा. परत बसता येत नाही. नुसतं आत पाठवून द्यायचं होतं.”

त्यांनी मान खाली घातली. मग माझ्या मागे धापा टाकत पोचलेल्या मावशींना गेट उघडायला सांगितलं. चप्पल काढून ते थेट केंद्रप्रमुखांच्या खोलीत शिरले. मी दाराशी. केंद्रप्रमुख पन्नाशीच्या बाई होत्या. मामा त्यांच्यापुढे सावधानमध्ये उभे राहिले, जसे साहेबापुढे राहत असतील.

“बाई, चूक माजी हाय,” ते म्हणाले. “ही माजी सून. घरी तानं लेकरू हाय. हिचं दूध दाटलंय. त्ये काढायचा फुगा फाट्यावर ऱ्हायला, त्यो द्यायला आलो. हिला वाटलं लेकराला कायतरी झालं. हिचा पेपर हिला द्या.”

एवढं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाईंनी पर्यवेक्षकांना बोलावून घेतलं. मी गेटबाहेर गेले होते का, विचारलं. मावशी म्हणाल्या, न्हाई, पाऊलसुदिक टाकलं न्हाई. बाईंनी घड्याळ पाहिलं. मावशींच्या देखत पंधरा मिनिटं घ्यायची, वेळ वाढवून मिळणार नाही, असं सांगून त्यांनी उत्तरपत्रिका माझ्या बाकावर ठेवायला लावली.

नकाशांच्या खोलीत डबी निम्मी भरली तेव्हा माझा राग उतरला होता, पण बाहेर जाऊन मामांना काही म्हणायला वेळ नव्हता. पेपरचे दोन प्रश्न तसेच राहिले. पुढे निकाल लागला तेव्हा त्या विषयात मी जेमतेम पास झाले होते.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. पिट्टू त्यांनी मांडीवर घेतला होता. मी दोनदा म्हणायला गेले की मी असं बोलायला नको होतं, पण दोन्ही वेळा काहीतरी दुसरंच बोलले. इस्लामपूरच्या पुढे गेल्यावर तेच खिडकीबाहेर बघत म्हणाले, “थोरला पोरगा झाला तवा मी लडाखला. चौदा महिन्यांचा असताना बगितला. मला बगून रडायला लागला.”

राहिलेल्या तीन पेपरांना मी बाकावर पिट्टू उघडला नाही. आत काय राहिलं असेल याचा विचार मात्र प्रत्येक स्टॉपला करायची.

शेवटच्या पेपरला गाडी पेठ नाक्यावर बंद पडली. तासभर उन्हात. छातीशी ठेवायच्या घड्या बदलून बदलून संपल्या. मलकापूरला उतरून पळतच घरी आले, चप्पल तशीच, दारातूनच हात धुवायला पाणी मागितलं. आत्या ओट्यावर वाटी-चमचा घासत होत्या. म्हणाल्या, परवाचं सगळं दूध पिऊन आत्ताच झोपली, रडली पण नाही.

मी पाळण्याशी बसले. मुलगी तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती, हनुवटीला दुधाची रेघ. तिला उठवावं असं वाटत होतं आणि उठवू नये असंही. उद्या कुठे जायचं नव्हतं. मी पाळण्याची दोरी धरली, सोडली, परत धरली.