हिराआत्याच्या बोंबलांचं राहिलेलं ऊन

सर्व नातेवाईक, शेजारीपाजारी आणि गच्चीवरच्या समस्त कावळ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, घणसोलीच्या आमच्या हिराआत्याने मरणाच्या आदल्या दिवशी वाळत घातलेले बोंबील दोरीसकट गायब झाले आहेत... आत्या गेल्याचा फोन आला आणि नागपूरहून मी धावतपळत तिसऱ्या दिवशी पोचलो. आतेभाऊ बाळूने मिठी मारली, पोटभर रडला आणि डोळे पुसता पुसता कानाशी लागून पहिली बातमी दिली ती ही.

घणसोली म्हणजे माझं लहानपण. वडिलांची बदली झाली, आम्ही नागपूरला गेलो आणि येणं राहूनच गेलं. मागच्या दिवाळीनंतर, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आलो, तर स्टेशनाबाहेरच हरवलो. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, मिठागराच्या बांधानं सरळ ये आणि भेंडीच्या झाडाशी वळ. समोर काचेची उंच इमारत, तिच्या पायाशी गळ्यात ओळखपत्रं अडकवून चहा पिणारी पोरं. त्यांना मी मिठागर विचारलं. बिचारी मोबाइलवर शोधू लागली. शेवटी रिक्षावाल्याला सोसायटीचं नाव सांगून घरी पोचलो, तर आत्या म्हणते कशी, "बाला, बांधानं आला असता तर कवाच पोचला असता."

ती सोसायटी आत्याच्याच भातशेतावर उभी आहे. शेत गेलं, बदल्यात फ्लॅट मिळाला. पण आत्याने मनातल्या मनात गच्चीचा ताबा काही सोडला नव्हता. हिवाळा लागला की जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या दोरीवर चढायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी जाधव, मूळ साताऱ्याकडचे, महाप्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. गच्चीत मासळी वाळत घालू नये, अशी सूचना त्यांनी भिंतीवर खिळ्याने ठोकली. आत्याने दोरीचं एक टोक त्याच खिळ्याला बांधलं. जाधव रोज संध्याकाळी वर यायचे आणि लोकांना वास येतो म्हणून कुरकुरायचे. आत्याचं उत्तर ठरलेलं, "खालचं शेत माजं व्हतं, मंग वरचं ऊन कोनाचं?" मी हे भांडण पाहिलं, त्या दिवशी जाधवांनी बसायला घरून प्लास्टिकची खुर्ची आणली होती. भांडायला येणारा माणूस खुर्ची कशाला आणतो, हे कोडं तेव्हाच माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

त्या गडबडीत मी हळूच एक बोंबील ओढायला गेलो, तर आत्याने मनगटावर चापटी मारली. "हात नको लावू. आजून येक ऊन बाकी हाय." वाळवणाच्या बाबतीत ती दिवस मोजायची नाही, उन्हं मोजायची.

आता सुतकात घरच्या कुणी मासळीला हात लावायचा नाही, म्हणून तिची शेवटची दोरी तशीच लटकत राहिली होती. आत्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाळूने वर डोकावलं, तर खिळा मोकळा. बाराव्याला आईच्या पानात तिच्याच हातचे बोंबील वाढायचे, हे त्याने मनाशी पक्कं केलेलं. त्याची बायको म्हणाली, बाजारातून आणू. बाळू म्हणाला, "जन्मात तिनं बाजारचं सुकं खाल्लं नाय. आता काय तोंड वळवून परत जाऊ दे तिला?"

त्याचा संशय अर्थातच जाधवांवर. गटारात फेकले असणार म्हणत तो तसाच अनवाणी निघाला. मी म्हटलं, थांब, आधी गुन्ह्याची जागा तर बघू. खरं सांगायचं तर दुःखापेक्षा उत्सुकताच मला जिना चढवत होती.

गच्चीत खिळा होता, सूचना होती, दोरी नव्हती. वास मात्र होता... वासामागे गेलो, तो पाण्याच्या टाकीच्या मागे पोचलो. तिथे दोन पाइपांमध्ये आत्याची दोरी ताणून बांधलेली, दुपारचं ऊन थेट अंगावर घेत जोड्या लटकलेल्या आणि कावळ्यांपासून जपायला वरून जुनी मच्छरदाणी पांघरलेली. शेजारी ती प्लास्टिकची खुर्ची.

मी आनंदाने मच्छरदाणी उचलून एका जोडीला हात घातला. तेवढ्यात जिन्यावरून धापा टाकत जाधव आले. त्यांनी बाळूच्या वळलेल्या मुठी पाहिल्या नाहीत की भिंतीवरची स्वतःची सूचना पाहिली नाही. त्यांची नजर फक्त माझ्या हातावर होती, आणि ते ओरडले, "हात नका लावू, अजून एक ऊन बाकी हाय!"