घोड्याच्या छातीवरचा पट्टा

नववीत शाळा सोडून मी वडिलांच्या पटवेकरीच्या दुकानात बसलो. मणी ओवायचे, रेशमाच्या गाठी मारायच्या, मंगळसूत्रं गाठवून द्यायची. पुढे बायकोला परदेशात, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मीही आलो. तिथल्या रोटोटुना भागातल्या मराठी घरी जेवायला गेलं की कुणीतरी प्रेमाने विचारायचं, "तुम्ही कशात आहात?" मी उत्तर टाळून पुन्हा भात वाढून घ्यायचो. मी खोगिरं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये होतो. मालकाने सर्टिफिकेट न मागता ठेवून घेतलं, ते उपकार मी आजही मानतो.

एका डिसेंबरात एक जोडपं आलं. बाई कॅनडाच्या क्री जमातीची, नवरा अमेरिकेतल्या क्रो जमातीचा. तो जवळच्या फार्मवर घोड्यांना शिकवायचा. बाईचा उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने तिने घोड्याच्या छातीवर बांधायचा पट्टा टेबलावर ठेवला. फिकट निळे, गुलाबी मणी, मध्ये त्रिकोण, कडेला पांढरी रेघ. फाटकाला अडकून मण्यांची एक पट्टी उसवली होती.

"सासूबाईंनी केलाय," ती म्हणाली. "शनिवारी ख्रिसमस परेडला लेकीच्या घोड्यावर हवाय. फोटो त्यांना जाणार. त्यांच्या मते क्री बायकांना मण्यांच्या फुलांपलीकडे काही येत नाही."

"नाहीच येत," नवरा म्हणाला. "माझ्या हातमोज्यांवर पण फुलं आहेत."

"आणि तुम्ही क्रो लोक पोरांच्या आधी घोड्याला नटवता."

मालक म्हणाला, आपण कातडं शिवतो, मणी नाही. पण माझ्या बोटांना खात्री होती. मी करतो म्हणालो.

ती शेजारी बसून सांगायची. मण्यांची सर कातड्यावर आडवी ठेव, दुसऱ्या सुईने थोड्या थोड्या मण्यांवर टाका घाल. सुई आरपार काढू नकोस, कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच वळव, नाहीतर मागचा दोरा घोड्याच्या अंगाला घासून तुटतो. आमच्या पटवेकरी रीतीप्रमाणे मी दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणला.

"पायाला वेगळा पगार मिळतो का, ब्रो?" तिने विचारलं.

पट्टी पूर्ण झाली. दगडासारखी घट्ट, वडिलांनी मान डोलावली असती अशी. तिने ती प्लास्टरवर वाकवून पाहिली. वाकेना. जोर दिला तसा एक निळा मणी फुटला.

"हे माळेसारखं गळ्यात गप्प बसायचं नाही रे," ती हळूच म्हणाली. "घोडा चालतो. श्वास घेतो."

सगळं उसवलं. या वेळी अंगठा मोकळा ठेवला, आणि प्रत्येक टाक्याला कातडं जरा वाकवून पाहिलं. हाताला सैल सोडायला शिकवणं गाठ मारण्यापेक्षा अवघड गेलं, पण जमलं.

परेडमध्ये ढोल वाजले आणि घोडा बिचकला, मान झटकून छाती फुगवली. बाई धावली, डावा तळहात पट्ट्यावरून खालपर्यंत फिरवला. एकही मणी हलला नव्हता. तिने मला मान हलवून खूण केली आणि मगच नवऱ्याला फोटो काढू दिला.

पुढच्या आठवड्यात दोघं वर्कशॉपवर आले.

"माझ्या आईने फोटो बघितला," नवरा म्हणाला. "कुठली पट्टी नवी ते लगेच ओळखलं."

मी हातातली सुई खाली ठेवली. "मग?"

"म्हणाली, हात माझा नाही, पण घोड्याला अडथळा होत नाहीये."

"खूश हो," बाई मला म्हणाली. "एवढं चांगलं त्या माझ्याबद्दल अजून बोललेल्या नाहीत."