आजारी असतानाचा रकाना

सकाळी आमच्या पिशवीत पन्नास कोरे फॉर्म असायचे. संध्याकाळी परतताना जेमतेम सहा भरलेले, आणि किस्से मात्र पिशवीत मावणार नाहीत इतके. ते फॉर्म ऑफिसात जमा झाले, एव्हाना वाळवीनं खाल्लेही असतील. किस्से माझ्याकडेच राहिले. चार जण जमले की आपोआप एकेक बाहेर येतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच पदवी घेऊन रामदासपेठेतल्या एका ऑफिसात सर्व्हेच्या टेम्पररी नोकरीला लागले होते. काम दिसायला सोपं. गिरणी कामगारांच्या घरी जायचं आणि घरातल्या कमाईचे दोन रकाने भरायचे, 'कामावर असताना' आणि 'आजारी असताना'. आजारपणात कामगाराला विम्यातून साधारण अर्धा पगार मिळायचा. तेवढ्यात घर कसं चालतं ते वरच्यांना बघायचं होतं. सोबतीला ऑफिसातलेच निनावेकाका. ते स्वतः विणकराच्या घरचे, त्यामुळे गोळीबार चौकाच्या सगळ्या गल्ल्या त्यांना पाठ. काय सुंदर दिवस होते ते!

*

पहिलंच घर. नवरा पाय मोडून खाटेवर. त्यानं आपला पगार सांगितला, तशी भाकरी थापता थापता बायको थांबली.

"इतका?"

नवरा छताकडे बघायला लागला. बायको मला म्हणाली, "पगार किती असते, ते मले आज समजलं बाई. बिमारीचा पैसा तं मी सोबत जाऊन मोजून घेतो. माह्या घरात बिमारीतच जास्त येते, तसंच लिहा."

मी तसंच लिहिलं. ऑफिसात साहेबांनी त्यावर लाल पेन्सिलनं शेरा मारला, 'रकाने उलटे भरले आहेत.'

*

एका गल्लीत हातमागाची खटखट कोपऱ्यापासून ऐकू येत होती. आम्ही दाराशी पोचलो आणि ती बंद! आत कंबरदुखीचं सर्टिफिकेट घेतलेला कामगार घोंगडी पांघरून कण्हत पडलेला. माग रिकामा, पण त्याची दोरी अजून हलत होती. काकांनी ती बोटानं थांबवली.

"माग कोण चालवते गा?"

"बायको."

"कुठं गेली?"

"माहेरी. आठ दिवस झाले."

काकांनी शांतपणे चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "लिहा, बायकोची कमाई." बाहेर आल्यावर मी चिडले, तर म्हणाले, "अर्ध्या पगारात चार लेकरं जेवतात का, तेही विचारा ना फॉर्मात."

*

फॉर्मात एक प्रश्न होता, 'आजारपणात कोणता खर्च कमी केला?' त्यावर एक मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "कमी? वाढला ना वं पोरी. बिमार एक अन् पाहाले येणारे चाळीस. सगळ्याइले चहा पाजा लागते. डॉक्टर स्वस्त पडला."

बोलता बोलता त्यांनी आमच्यापुढे दोन कप ठेवले. "बेचाळीस," काका म्हणाले आणि कप उचलला.

*

एका धडधाकट कामगारानं दुसरा रकाना भरूच दिला नाही. "चांगल्या माणसाच्या नावापुढं बिमारी काहून लिहून राहिले तुम्ही?" आम्ही तिथं रेघ मारली. त्याला रेघही अशुभ वाटली. शेवटी तिथं 'श्री' लिहिलं, तेव्हा सुटका झाली.

*

आणि मग वामन.

गिरणीच्या सुट्टीचा दिवस असल्यानं तो घरीच होता. त्याला क्षय झाला होता. डॉक्टरांनी त्याला गिरणीत जाणं बंद करायला लावून चार महिने झाले होते, हे आमच्या यादीतच होतं. पण त्याची म्हातारी आई शेजारी बसलेली. त्यानं दोन्ही रकान्यांत एकच आकडा सांगितला, पुऱ्या पगाराचा, आणि डोळ्यांनी मला विनवलं.

त्याची बायको गल्लीच्या वळणापर्यंत आमच्यासोबत आली. "माह्या सासऱ्याले हाच खोकला घेऊन गेला. सासूले समजलं तं ते हाय खाईन. म्हणून हे रोज भोंगा झाला का डबा घेऊन निघतात अन् दिवसभर बागेत बसतात."

अर्ध्या पगारात भागतं कसं, मी विचारलं.

"भागते. पिठाचा डबा लवकर सरतच नाही, काय माहीत काहून."

दुपारी पलीकडच्या गल्लीत एका विणकराच्या ओसरीवर तीच म्हातारी दिसली. चरख्यावर बसून मजुरीनं मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. घरी सांगून आली होती, भजनाला जाते म्हणून. मला बघून ती दचकली नाही.

"गिरणीतून येणाऱ्याच्या केसात कापूस असते, बाई. माह्या नवऱ्याचे केस मी तीस वर्षं झाडले. वामनच्या डोक्यात दिवाळीपासून कापूस नाही." तिचा हात चालूच होता. "पीठ मीच टाकतो डब्यात. त्याले नका सांगू. मले माहीत नाही, म्हणून तं तो मान वर करून घरात येते."

मला रडू आलं. काकांनी माझ्या हातातला फॉर्म घेऊन पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्याच गल्लीतून निघालो होतो. भोंगा झाला. वामन डबा घेऊन दारात चप्पल शोधत होता, आणि आतून म्हातारी ओरडली, "पाय उचल बाबू, खाडा पडन!"