केला कोनं?

सगुणाबाईसमोर कोणी ‘चमत्कार’ म्हटलं, की ती हातातलं काम खाली ठेवायची आणि विचारायची, “केला कोनं?” नापास होणारा पोरगा पास झाला, बंद पडलेला टीव्ही थाप मारल्यावर लागला, कुणाचं धान अवकाळीतून वाचलं, प्रश्न तोच. मग समोरच्याला शिकवणीच्या मास्तरचं, नाहीतर थाप मारणाऱ्याचं नाव घ्यावं लागे. नाव सापडलं नाही तर बाई म्हणायची, “माहीत नाही तं माहीत नाही म्हना. मधात चमत्कार कायले आनता?” डाव्या गालावर चार चिरा, डाव्या हाताला तीन बोटं आणि उशाशी कुऱ्हाड अशी बाई असं विचारते, तेव्हा वाद घालायची कोणाची हिंमत नसते.

ती माझी मोठी नणंद. आमच्याकडे नणंदेला बाईच म्हणतात. नवऱ्याने मारून हाकलली, पण निघताना ती त्याचे दोन दात पाडून आली. पवनीजवळच्या आमच्या गावी आल्यावर माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, बांधावरचा मोहाचा जुना वृक्ष तिच्या नावाने सोडला. फुलं वेचून वाळवायची, विकायची, बियांचं तेल काढायचं. त्या एका झाडावर तिचं पोट होतं. मी एकदा जेवताना तिला टोमणा मारला, तर ताटावरून मान न उचलता म्हणाली, “मले मोह पोसते व, तुहा नवरा नाही.”

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर दोन-एक वर्षांनी हे घडलं. मी तेव्हा तिशी ओलांडलेली आणि दहावी पास. दहावीचा मला फार तोरा. पोथ्या वाचायची आणि वाचलेलं सगळं खरं मानायची. चैतात बाईबरोबर पहाटे मोह वेचायला निघाले, तीही नायलॉनची साडी नेसून आणि केसांना वासाचं तेल चोपडून. बाईने एकदा खालवर पाहिलं. “लग्नाले चालली का व?” एवढंच म्हणाली.

झाडाखाली अस्वल होतं. मोहफुलांचा त्यालाही तितकाच नाद. बाई ओरडली, “पळ!” मी पळाले नाही. पोथीत लिहिलं होतं, की हात जोडून बसलेल्या भक्ताला वाघही प्रदक्षिणा घालून निघून जातो. मी मांडी घालून बसले, हात जोडले, डोळे मिटले. अस्वलाने पोथी वाचलेली नव्हती. त्याने एका पंजाने माझ्या टाळूची कातडी केसांसकट मागे सोलली, जशी आपण उकडलेल्या बटाट्याची काढतो. गरम रक्त डोळ्यांत उतरलं. मग धप्प असा आवाज आला, पुन्हा एकदा आला, आणि हाड चावल्याचा कर्रकर्र आवाज, जो मला अजूनही सुपारी फोडताना ऐकू येतो.

पदराने डोळे पुसून पाहिलं, तर अस्वल लंगडत, खांद्यातून रक्त सांडत झुडपांत शिरत होतं. बाई फुलांवर पालथी पडली होती. गाल उघडा पडून आतले दात दिसत होते. कुऱ्हाड उजव्या मुठीत तशीच, आणि डाव्या हाताची दोन बोटं टोपलीशेजारी.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझी टाळू केसांसकट परत शिवली; आम्हा दोघींच्या खाटा शेजारी होत्या. भेटायला येणारे विचारायचे, कशा वाचल्या? मी सांगायचे, डोळे मिटून देवीला हाक मारली, आणि चमत्कार झाला. पहिल्या दिवशी माझ्या कथेत देवीने बाईला बळ दिलं. मग बाई मदतीला आली, पण जरा उशिरा. शेवटी शेवटी तर बाई कथेतून गेलीच, तिथे एक पिवळा उजेड आला. गाल शिवलेला असल्याने बाईला बोलता येत नव्हतं. मला अडवणारं कोणी नव्हतं, म्हणून मी कथा रोज थोडी वाढवली. बाई नुसती बघायची. तिच्या बघण्याने मला ताप चढायचा, तोही मी देवीचाच समजायचे.

आम्ही घरी परतलो तोवर माझी कथा आमच्याआधी गावात पोचली होती. गावातल्या दामाजी भगताने मोहाखाली शेंदूर फासलेला दगड मांडला, ओटा बांधला, झेंडा रोवला. झाड देवीचं झालं, आता फुलं उचलील तो रक्त ओकेल, असं त्याने जाहीर केलं. माझा नवरा अस्वलाला भ्याला नसता इतका याला भ्याला. पुढच्या चैतात ओट्यावर पूजा ठेवली आणि पुरावा म्हणून मला बसवलं. कपाळभर मळवट, गळ्यात हार. बाया पाया पडत होत्या. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात बाई टोपली घेऊन आली आणि मुकाट्याने फुलं वेचू लागली. दामाजीने लाथेने टोपली उडवली, तिचे केस धरून तिला फरफटत ओढलं. बाईने कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या गुडघ्यावर असा हाणला, की वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. मग त्याची माणसं काठ्या घेऊन तुटून पडली. पाठीवर, डोक्यावर, पोटऱ्यांवर. ती फुलांत कोसळली, तोंडातून रक्त. एकाने दोन्ही हातांनी धोंडा उचलला.

माझ्या दहावी पास डोक्याला एकच सुचलं. मी अंबाडा सोडला आणि घुमू लागले. घोगऱ्या आवाजात किंचाळले, की ही माझी लेक, हे झाड हिचं, सोडा हिला. धोंडा खाली पडला. सगळे लोटांगण घालू लागले. दामाजीनेसुद्धा मोडक्या गुडघ्यानिशी हात जोडले.

बाई उठली. एक दात थुंकली, ओट्यावर चढली आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली, की डोक्यात भुंगे शिरले.

“केला कोनं?”

“देवीनं...”

दुसरी पहिलीपेक्षा जोरात. “केला कोनं?”

“म्या. म्या सोंग केलं, बाई.”

“अन् अस्वल?”

“तुमी हानलं. मी डोळे मिटून बसली होती.”

दोन थपडा खाऊन कबुली देणारी देवी गावाने पहिल्यांदाच पाहिली. मागे पाया पडणाऱ्यांतली एक फिसकन हसली, मग हसू आवरेना. लोक कपडे झटकत उठले. दामाजीला खाटेवर घालून नेलं. बाईने त्याच कुऱ्हाडीने झेंड्याची काठी तोडली आणि पुढे कोंबड्यांच्या खुराड्याला लावली.

घरी येताना मी सुजलेला गाल धरून विचारलं, की जीव वाचवला तरी मला का मारलं? ती म्हणाली, “देवीनं वाचवलं असतं, तं उद्या देवीच झाड मांगते. तू वाचवली, तं झाड माहं राह्यलं.”

त्यानंतर बरीच वर्षं आम्ही दोघींनी मोह वेचला. मी साधी साडी नेसायला शिकले. शेवटी बाईचं काळीज दमलं. दवाखान्यातले डॉक्टर तिच्या खाटेशीच मला हळूच म्हणाले, आजी, आता एखादा चमत्कारच.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “करनार कोन?”

खाटेवर बाईने डोळे उघडले, तीन बोटांनी माझं मनगट दाबलं आणि शिवलेल्या गालाने जमेल तेवढं हसली. म्हणाली, “घरी ने मले.” मी नेली. दुसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर गेली.

चैतात मोह गळू लागला. पहाटे उठून मी टोपली घेतली, तिची कुऱ्हाड घेतली आणि एकटीच गेले. झुडपांत काही खसफसलं, पण मी डोळे मिटले नाहीत.