हवालदारांनी अडवलेली रायफल

हवालदारांच्या दुकानात बंदुकीच्या तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही. ती खोलून तिचे भाग टेबलावर पसरलेले असले, तरीही नाही. चुकून कोणी नळीसमोर आलंच, तर ते हातातलं काम थांबवत आणि माणूस बाजूला होईपर्यंत गप्प बसत. ते गप्प बसणं रागावण्यापेक्षा जड वाटायचं.

ते मूळचे मुखेडकडचे. फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि पेन्शनीत निघाल्यावर रीतसर परवाना काढून त्यांनी नांदेडात दुकान टाकलं. रानडुकरांपासून पीक राखायला ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती, असे लोक लांबलांबून त्यांच्याकडे येत.

रायफल उडत नाही म्हटलं की ते आधी न उडालेलं काडतूस मागत आणि त्याच्या बुडाची टोपी, जिच्यावर पिन आदळली की बार उडतो ती, भिंगाखाली धरत. पिनीचा ठोसा खोल बसलेला असेल तर काडतूस खराब; उथळ असेल तर दोष रायफलीत. "मालक काय बी सांगंल, टोपी खरं सांगते," असं ते म्हणत.

निलंग्याच्या एका शेतकऱ्याची रायफल फक्त थंडीत दगा द्यायची. हवालदारांनी तिचा बोल्ट, म्हणजे पिन ज्यात बसते तो मागचा दांडा, काढून नुसता हुंगला. "खोबरेल घातलं का?" त्याने मान डोलावली. थंडीत तेल थिजून आतली पिन जड होत होती. त्यांनी ती रॉकेलने धुतली, कोरडी पुसली आणि म्हणाले, "हे तेल डोक्याला लावत जा."

माझे थोरले काका भोकरजवळच्या गावी राहतात. धाकट्या काकांशी वाटणीवरून फाटल्यावर राहत्या घरात मधोमध भिंत घातली गेली. थोरल्या काकूही त्याच साली वारल्या. एके दिवशी काका रायफल घेऊन नांदेडला माझ्याकडे आले. डुक्कर समोर असताना नुसता टक् आवाज झाला म्हणाले. मी त्यांना हवालदारांकडे नेलं.

टोपीवरचा ठोसा उथळ होता. बोल्ट खोलला तर आत तेल स्वच्छ, स्प्रिंगही दमदार. मग त्यांनी पिन उजेडात धरली. तिचं टोक तुटलं होतं, आणि मागे बारीक चीर गेली होती.

"पाटील, घरी रिकाम्या रायफलीचा घोडा दाबता का?"

"नाही," काका म्हणाले आणि पान खायला बाहेर गेले.

हवालदार हळू आवाजात मला म्हणाले, "काडतूस नसलं की पिनीचा मार झेलायला पुढं काही नसतं. जुनी रायफल हाय, रोज रोज दाबून तुटली. घरात काही चालू हाय का?"

मी भिंतीचं सांगितलं. त्यांनी पिन चिमट्यात धरून डबीत ठेवली.

रायफल दुकानातच राहिली आणि काका पिन झाली का विचारायला येत राहिले. कधी पोलाद मिळालेलं नसे, कधी पिन घासताना आखूड झालेली असे. हाती घेतलेलं काम हातावेगळं केल्याशिवाय जेवायला न बसणारा हा माणूस सरळ खोटं बोलत होता. पिकं निघून गेली. अखेर एका दुपारी काका दुकानात खुर्ची ओढून बसले. मीही होतो.

"तुम्ही मुद्दाम करून राहिलात."

"हाव."

"का?"

"रिकामी दाबता तवा कशावर धरता?"

"भिंतीवर."

"भिंतीच्या पल्याड कोण राहतं?"

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले होते. ते म्हणाले, "त्याच्याकडं सगळे हसत-खिदळत जेवतात. लई आवाज येतो." हवालदारांनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. काका पाणी प्यायले आणि उठताना म्हणाले, "पिन बनवू नका. रायफल जमा करून टाका."

काकांना घेऊन हवालदार स्वतः ठाण्यात गेले आणि ती जमा झाली. धाकट्या काकांना यातलं काहीच माहीत नाही.

गेल्या वर्षी हवालदार मुखेडला अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो, तर त्यांनी स्वतःच्या दुखण्याचं काही सांगितलं नाही. "पाटील कसे हायेत?" म्हणून विचारलं.

"शांत असतात."

"शांत माणसाकडं जात जा. म्या पिन काढली, बाकीचं मला जमणारं न्हाई."

पंधरवड्यात ते गेले.

आता मी दर रविवारी गावी जातो. काका आणि मी जेवायला बसतो, तेवढ्यात पलीकडून मुलांचा गलका सुरू होतो. काकांचा घास हातातच थांबतो आणि ते भिंतीकडे बघत राहतात. मी काहीतरी बोलत राहतो, त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत.